काटा थरथरतोय? थरथरू द्या!

गेल्या अंकात घरी बनवलेल्या इलेक्ट्रॉनिक व्हॅक्यूम गेजबद्दल मी जेमतेम अर्धं पान लिहिलं होतं. म्हणजे इंजिनच्या इनटेक मॅनिफोल्डला, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या पाइपांना, एक बारीक नळी जोडायची, तिच्या टोकाला प्रेशर सेन्सर, सेन्सरचं व्होल्टेज आर्डुइनो नॅनो या छोट्या, प्रोग्रॅम करता येणाऱ्या बोर्डने वाचायचं आणि डॅशबोर्डवर आकडा दाखवायचा, बस एवढंच. त्यावर इतके प्रश्न आलेत की यावेळचं अख्खं सदर त्यालाच देऊन टाकतोय.

प्रश्न : माझी पेट्रोल गाडी बरीच जुनी आहे. मेकॅनिक म्हणतो असल्या गेजने काही कळत नाही, नुसतं शोभेचं आहे. खरंच काही उपयोग असतो का हो?

मेकॅनिकचं अर्धं बरोबर आहे, आकडा नुसता बघत बसलात तर ते शोभेचंच. पण बघा, पेट्रोल इंजिन म्हणजे शेवटी हवा ओढणारा पंप. पिस्टन खाली जाताना हवा ओढतो, आणि आयडलिंगला, म्हणजे अ‍ॅक्सिलेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, हवा अडवणारी थ्रॉटलची चकती जवळजवळ बंद असते, त्यामुळे चकतीच्या पलीकडे मॅनिफोल्डमध्ये दाब चांगलाच पडतो. हा पडलेला दाब म्हणजे आपला व्हॅक्यूम. इंजिन ठणठणीत असेल, गरम झालेलं असेल, तर आयडलला समुद्रसपाटीच्या आसपास साधारण १७ ते २२ इंच पारा मिळतो, म्हणजे ५८ ते ७४ किलोपास्कल. उंचावर राहत असाल तर दर ३०० मीटरला अंदाजे एक इंच वजा करा, नाहीतर उगाच इंजिन खोलायला काढाल.

आता खरी मजा आकड्यात नाही, आकडा कसा वागतो त्यात आहे. काटा स्थिर आहे पण १४-१५ वर अडकलाय, तर स्पार्कचं टायमिंग मागे असेल किंवा कुठेतरी गॅस्केटमधून, फुटक्या नळीतून इंजिन चोरून हवा ओढत असेल. ठरावीक ताल धरून काटा मध्येच खाली टपकतो आणि परत येतो, तर एखादा व्हॉल्व्ह जळालाय किंवा एक सिलिंडर मिसिंग करतोय. आयडलला भराभर थरथरतो आणि रेस दिली की शांत होतो, तर व्हॉल्व्ह गाइड झिजल्याची शंका घ्यायची. अडीच हजार आरपीएम धरून ठेवल्यावर आकडा हळूहळू उतरत चाललाय, तर सायलेन्सर किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोंदलाय का ते बघायचं. आणि अ‍ॅक्सिलेटर एकदम दाबून सोडला तर काटा शून्याच्या जवळ येऊन मग उसळी मारून २३-२४ पर्यंत जायला हवा, उसळीत दमच नसेल तर रिंगा गेल्यात का हे तपासायला कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्यायची.

गेज तुम्हाला गल्ली दाखवतं, घर नंबर नाही. म्हणून माझं म्हणणं असं की गाडी चांगली चालतेय तेव्हाच गेज बसवा आणि तुमच्या गाडीचा आयडलचा आकडा, एसी लावून, एसी बंद करून, वहीत लिहून ठेवा. पुस्तकातल्या १७-२२ पेक्षा तो तुमचा स्वतःचा आकडा कितीतरी जास्त कामाचा आहे.

प्रश्न : सेन्सर नेमका कोणता घेऊ? बाजारात डझनभर नंबर आहेत. आणि डिझेल गाडीत चालेल का?

डिझेलचं आधी सांगतो, नाही. साध्या डिझेल इंजिनात पेट्रोलसारखा थ्रॉटल नसतो, हवा मोकळी आत जाते, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये सांगण्यासारखा व्हॅक्यूमच नसतो. ब्रेकसाठी लागणारा व्हॅक्यूमसुद्धा तिथे वेगळा पंप लावून तयार करतात. टर्बो डिझेलला बूस्ट गेज लावा, सर्किट तेच, सेन्सर वेगळा.

साध्या पेट्रोलला एमपीएक्स ४११५ए घ्या. हा १५ ते ११५ किलोपास्कल मोजतो, ५ व्होल्टवर चालतो, आत टेंपरेचरची भरपाई आणि अ‍ॅम्प्लिफायर दोन्ही असतं, तीन वायर जोडल्या की काम सुरू. टर्बो पेट्रोल असेल तर एमपीएक्स ४२५०ए, तो २० ते २५० पर्यंत जातो, पण मग प्रत्येक किलोपास्कलला आर्डुइनोच्या मोजणीच्या फक्त चारेक पायऱ्या मिळतात, ४११५ला नऊच्या वर मिळतात. म्हणून उगाच मोठा सेन्सर घेऊ नका. भंगारातल्या गाडीचा तीन वायरींचा मॅप (म्हणजे मॅनिफोल्डचा दाब मोजणारा) सेन्सर मिळाला तरी मस्त चालतो, फक्त त्याचा व्होल्टेज-दाबाचा हिशोब तुम्हाला स्वतः काढावा लागेल.

४११५चा हिशोब असा : बाहेर येणारं व्होल्टेज = सप्लाय × (०.००९ × दाब − ०.०९५), दाब किलोपास्कलमध्ये. हा दाब म्हणजे मॅनिफोल्डमध्ये उरलेला दाब, वातावरणाच्या दाबातून तो वजा केला की व्हॅक्यूम. समुद्रसपाटीला १०१.३ टाकलं तर ५ व्होल्ट सप्लायवर ४.०८ व्होल्ट येतात, आयडलच्या ३५ किलोपास्कलला १.१ व्होल्ट. यातली सुंदर गोष्ट म्हणजे सगळं सप्लायच्या प्रमाणात आहे, आणि आर्डुइनोचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) सुद्धा त्याच ५ व्होल्टशी तुलना करतो, म्हणजे सप्लाय जरा ४.९ झाला तरी दोन्हीकडचं सारखंच घटून हिशोब बरोबर राहतो. त्यासाठी सेन्सर आणि नॅनो एकाच रेग्युलेटरवर (५ व्होल्ट तयार करणाऱ्या आयसीवर) हवेत मात्र.

प्रश्न : दादा, मी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बाबांच्या गाडीत गेज बसवलंय पण आकडा खूप नाचायचा, म्हणून कोडमध्ये १०० रीडिंगची सरासरी टाकली तर आता आकडे भलतेच येतायत, कधी उणे पण. आणि सरासरी बरोबर आली तरी मित्र म्हणतो तू सगळी माहिती पुसून टाकलीस. कोण बरोबर?

अरे मित्रा, दोन वेगळे प्रश्न आहेत हे. उणे आकड्याचं कारण मी पैजेवर सांगतो, बेरीज तू इंट या छोट्या आकड्यांच्या खणात ठेवलीयस. नॅनोवर इंट ३२,७६७ ला संपतो. इंजिन बंद असताना तुझं एकेक रीडिंग ८३० च्या घरात असणार, म्हणजे चाळिसाव्या रीडिंगलाच बेरीज उलटी फिरून उण्यात जाते. अनसाइन्ड लाँग हा मोठा खण वापर, तो प्रश्न तिथेच मिटला.

आता मित्राचं. तो बरोबर आहे, आणि हे मी माझ्या तोंडावर आपटून शिकलोय. माझ्या पहिल्या गेजमध्ये मी दोन सेकंदांची सरासरी घेतली होती, आकडा कसा दगडासारखा, १८, म्हटलं वा काय बनवलंय, आल्यागेल्याला बोनेट उघडून दाखवायचो. गाडी मात्र सिग्नलला उभी राहिली की हलकी लचकायची. शेवटी एका जुन्या फिटरने त्याचं काट्याचं गेज लावलं तर दर सेकंदाला पाच-सहा वेळा काटा टकटक खाली येत होता, एक व्हॉल्व्ह नीट बसत नव्हता. माझ्या १८ मध्ये ते सगळं मिसळून गुळगुळीत झालं होतं.

हिशोब कर. चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन ८०० आरपीएमला सेकंदाला साधारण २७ वेळा हवा ओढतं, म्हणजे थोडं नाचणं हे इंजिनाचं स्वाभाविक आहे. आणि सगळे चार सिलिंडर एकेकदा होऊन जायला दोन फेऱ्या, १५० मिलिसेकंद लागतात. म्हणून दर मिलिसेकंदाला एक अशी १५० रीडिंग घे, त्यांची सरासरी हा तुझा मुख्य आकडा. पण त्याच १५० मधलं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात लहान रीडिंग पण जपून ठेव आणि दोघांतला फरक बाजूला बारीक अक्षरात दाखव. मी तर त्या फरकाची एक आडवी पट्टीच काढतो स्क्रीनवर. चांगल्या इंजिनात पट्टी आखूड आणि सारखीच राहते, एक सिलिंडर बिघडला की ती लांबते, आणि तेव्हा सरासरी अजून निवांत १८ दाखवत असते.

हार्डवेअरमध्ये फिल्टर टाकायचाच तर सेन्सरच्या आउटपुटला १ किलोओहम आणि १ मायक्रोफॅरड एवढाच टाक, त्याने १६० हर्ट्झच्या वरचा कचरा जातो, इंजिनाचे ठोके शाबूत राहतात. काट्याची हौस असेल तर छोटा सर्व्हो लावू नकोस, कुरकुरत राहतो नुसता. एक्स२७.१६८ नावाची इन्स्ट्रुमेंट क्लस्टरमधली छोटी स्टेपर मोटर घे, ३१५ अंश फिरते, नॅनोच्या पिनांवर थेट चालते आणि अगदी कंपनीच्या काट्यासारखी दिसते.

प्रश्न : दिवसा सगळं छान. रात्री हेडलाइट आणि ब्लोअर लावला की व्हॅक्यूम अर्धा-पाऊण इंच वाढतो. लोड वाढल्यावर व्हॅक्यूम कमी व्हायला हवा ना?

अगदी बरोबर पकडलंत, कमीच व्हायला हवा. तुम्ही सेन्सरचं अर्थिंग इंजिनच्या बॉडीला केलंय आणि नॅनोचं डॅशबोर्डखालच्या कुठल्यातरी बोल्टला, हो ना? लाइट आणि ब्लोअरचा करंट त्याच पत्र्यातून परत जातो, त्यामुळे डॅशबोर्डचं अर्थ इंजिनच्या अर्थपेक्षा थोडं वर उचललं जातं. नॅनोला वाटतं सेन्सरचं व्होल्टेज पडलं, म्हणजे दाब पडला, म्हणजे व्हॅक्यूम वाढला. १०० मिलिव्होल्टचा फरक पडला तरी सव्वादोन किलोपास्कलची चूक होते, म्हणजे दोन तृतीयांश इंच, तुमच्या अर्धा-पाऊणशी जुळतंय बघा. सेन्सरपासून तीनही वायरी, म्हणजे ५ व्होल्ट, सिग्नल आणि ग्राउंड, एकत्र नॅनोपर्यंत आणा आणि सगळ्या सर्किटचं अर्थ एकाच जागी करा. शील्डेड वायर असेल तर शील्ड फक्त नॅनोच्या बाजूला जोडा. आणि ती वायर इग्निशन कॉइलपासून लांबून न्या, तिच्याशेजारून नेलीत तर वेगळाच तमाशा बघायला मिळेल.

प्रश्न : तुम्ही सांगितल्याप्रमाणे चावी फिरवली की इंजिन सुरू व्हायच्या आधीचं रीडिंग (म्हणजे वातावरणाचा दाब) शून्य व्हॅक्यूम धरतो. पण कधीकधी गाडी सुरू झाल्यावर १८ ऐवजी १५-१६ येतात, बंद करून परत सुरू केली की ठीक. सेन्सर खराब आहे का?

सेन्सर बिचारा ठीक आहे. सेल्फ मारताना बॅटरी ९ व्होल्टच्याही खाली जाऊ शकते, तुमचा ५ व्होल्टचा रेग्युलेटर ७८०५ असेल, त्याला दोनेक व्होल्ट वरचढ लागतात, तो मान टाकतो आणि नॅनो रिसेट होतो. जागा होतो तेव्हा स्टार्टर इंजिन फिरवत असतो, मॅनिफोल्डमध्ये दोन-तीन इंच व्हॅक्यूम आधीच तयार झालेला, आणि तो त्यालाच शून्य समजून बसतो. तेवढे इंच मग दिवसभर कमी.

यावर दोन इलाज, दोन्ही करा. ७८०५ काढून एलएम२९४० लावा, तो गाडीसाठीच केलेला आहे, अर्ध्या व्होल्टच्या फरकावरही काम करतो आणि बॅटरी उलटी जोडली तरी मरत नाही, फक्त त्याच्या आउटपुटला २२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर अगदी जवळ लावायला विसरू नका नाहीतर तो स्वतःच ऑसिलेट होतो. त्याच्या आधी एक डायोड आणि १००० मायक्रोफॅरड, म्हणजे क्षणभराचा झटका कपॅसिटरवर निघून जातो आणि डायोडमुळे तो कपॅसिटर स्टार्टरकडे उलटा रिकामा होत नाही. सगळ्यात पुढे १ अ‍ॅम्पिअरचा फ्यूज आणि स्पाइक खाणारा टीव्हीएस डायोड, हे दोन तर कुणीही गाळू नका.

दुसरा इलाज कोडमध्ये. शून्य तेव्हाच घ्या जेव्हा अर्धा सेकंद रीडिंग हललंच नाही आणि दाब ६० किलोपास्कलच्या वर आहे. स्टार्टर फिरत असताना रीडिंग स्थिर राहूच शकत नाही, आणि चालू इंजिनात आयडलला ते ६० च्या बरंच खाली असतं, म्हणजे दोन्ही चोर पकडले जातात. अट पुरी झाली नाही तर मागच्या वेळचं शून्य ईईप्रॉममधून (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीतून) उचला.

प्रश्न : ब्रेक बूस्टरची नळी जाड आहे, हाताशी आहे, तिच्यातच टी (तीन तोंडांचा जोड) टाकला तर?

नको. तुमचा जॉइंट सुटला तर ब्रेक पेडल दगडासारखं होईल, एका हौशी गेजसाठी ही जोखीम घ्यायची नसते. शिवाय त्या नळीत चेक व्हॉल्व्ह असतो, त्याच्या बूस्टरकडच्या बाजूला टी पडला तर साठलेला व्हॅक्यूम दिसेल, इंजिनचा नाही. फ्यूएल प्रेशर रेग्युलेटरला जाणारी बारीक नळी असेल तर ती उत्तम. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत डिस्ट्रिब्युटरच्या अ‍ॅडव्हान्सची नळी बरेच जण पकडतात, पण ती बहुतेकदा थ्रॉटलच्या चकतीच्या वरून निघते, आयडलला तिथे जवळजवळ शून्य असतं आणि मग लोक मला विचारतात गेज मेलं का.

सेन्सर बोनेटखालीच ठेवा, टॅपिंगपेक्षा, म्हणजे नळी जिथे मॅनिफोल्डला जोडली त्या जागेपेक्षा, उंचावर, नळी सेन्सरकडून खाली उतरती, म्हणजे पेट्रोलची वाफ थंड होऊन थेंब झाले तर परत मॅनिफोल्डमध्ये ओघळतात. हा सेन्सर कोरड्या हवेसाठी बनवलेला आहे. नळी केबिनमध्ये आणूच नका, वायर आणा. पेट्रोलची वाफ असलेली नळी पायाशी कशाला हवी.

प्रश्न : मला प्रोग्रॅमिंग येत नाही आणि शिकायचंही नाही. मार्ग आहे का?

आहे की! एलएम३९१४ ही जुनी आयसी घ्या, दहा एलईडी चालवते. खालची हद्द ०.३ व्होल्ट, वरची ४.१ व्होल्ट सेट केली की एक एलईडी म्हणजे साधारण अडीच इंच. फक्त व्हॅक्यूम वाढला की सेन्सरचं व्होल्टेज घटतं, म्हणून ९ नंबरची पिन मोकळी ठेवून डॉट मोड (एका वेळी एकच एलईडी) वापरा आणि एलईडीची पट्टी सरळ उलटी बसवा. बार मोडमध्ये (पूर्ण पट्टी पेटते तेव्हा) १२ व्होल्टवर आयसी हात लावू देणार नाही इतकी तापते. उंचीप्रमाणे शून्य मात्र आपोआप बदलणार नाही, ते चालवून घ्या.

प्रश्न : माझ्या गाडीत ओबीडी (स्कॅनर जोडून इंजिनची माहिती वाचायचं) सॉकेट आहे. मग हे सगळं कशाला?

कदाचित नकोच. गाडीत मॅप सेन्सर असेल तर स्कॅनर ०बी नंबरच्या पीआयडीवर (माहितीच्या कोडवर) मॅनिफोल्डचा दाब थेट किलोपास्कलमध्ये देतो, वातावरणाच्या दाबातून तो वजा केला की झाला व्हॅक्यूम. पण एक-एक किलोपास्कलच्या पायरीने आणि सेकंदाला मोजकेच आकडे, वर दिलेली थरथर त्यात दिसणार नाही. अ‍ॅव्हरेज सांभाळत गाडी चालवायला पुरेसं, रोगनिदानाला नाही.

प्रश्न : आपलं रीडिंग बरोबर आहे हे घरच्या घरी कसं पडताळायचं?

पाण्याने! पारदर्शक नळी दीड-दोन मीटर, खालचं टोक बादलीत, वरच्या टोकाला टी, टीच्या एका पायाला सेन्सर आणि दुसऱ्याला मोठी सिरिंज. सिरिंज हळू ओढा, बादलीतल्या पाण्याच्या पातळीपासून पाणी बरोबर १ मीटर चढलं की थांबा. गेजने ९.८ किलोपास्कल किंवा २.९ इंच दाखवायला हवं, नॅनोच्या रीडिंगमध्ये ९० पायऱ्यांचा फरक. पाणी सेन्सरपर्यंत पोचू देऊ नका, वर हातभर नळी मोकळी ठेवा, माझा एक सेन्सर असाच बुडून गेलाय. आणि वातावरणाचा दाब फोनमधल्या बॅरोमीटरवरून घ्या, हवामानाच्या बातमीतला नको, तो समुद्रसपाटीला नेऊन ठेवलेला असतो.

प्रश्न : चालू गाडीत नळी सुटली तर गाडी बंद पडेल का?

तीन-चार मिलिमीटरची नळी सताड उघडी राहिली तर आयडलिंग बिघडेल, मिश्रण पातळ होईल, गाडी फुरफुरत राहील, पण धावत्या गाडीत जागीच बंद पडण्याची शक्यता कमी. तरीही टॅपिंगच्या अगदी तोंडाशी एक बारीक भोकाचा रिस्ट्रिक्टर टाका, कार्ब्युरेटरचा जुना जेट चालतो, मग नळी सुटली तरी इंजिनला फारसा पत्ताच लागत नाही. भोक मात्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान नको, नाहीतर ज्या थरथरीसाठी एवढा खटाटोप केला तीच तिथे अडकून बसेल. आणि मऊ, पातळ सिलिकॉनची नळी घेऊ नका, गरम झाली की व्हॅक्यूमने चपटी होते. जाड भिंतीची व्हॅक्यूम होज घ्या, दोन्ही टोकांना क्लिपा लावा, आणि पहिल्या आठवड्यात एकदा बोनेट उघडून हात लावून बघा.